दोघांची एक जीभ

हॉटेलात वेटर समोर येऊन "काय पाहिजे?" म्हणाला की माझं अर्धं जेवण तिथंच बिघडतं. ही खोड मला किशनमामांनी लावली. मामांचं म्हणणं असं, की "काय पाहिजे?" हे दारात न बोलावता आलेल्या माणसाला विचारतात. गिऱ्हाइकाला विचारायचं, "काय आणू?" नवा वेटर कामाला लागला की पहिल्या दिवशी मामा त्याला ताटाला हात लावू देत नसत. दिवसभर टेबलाशी उभं राहून नुसतं "काय आणू?" म्हणायचं. एखाद्याच्या आवाजात जरा जरी कंटाळा आला तरी मामा कोपऱ्यातून गुरकावत, "आजारी हायस का रे? मग घरी जा."

लातूरच्या बसस्टँडच्या पाठीमागच्या गल्लीत 'निवांत' नावाचं हे हॉटेल होतं. त्याच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. मी मूळचा हदगावचा. लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो आणि सकाळ-संध्याकाळ 'निवांत'मध्ये जेवायचो. बायको-लेकरं हदगावला, त्यामुळे माझं घर म्हणजे तो जिना, ती खोली आणि खालचं कोपऱ्यातलं टेबल. मामा या हॉटेलचे कॅप्टन, म्हणजे वेटरांचे म्होरके. नायगावकडचा उंच, हाडकुळा माणूस. पांढरा शर्ट गळ्याच्या बटणापर्यंत लावलेला आणि डाव्या खांद्यावर इस्त्री केलेला नॅपकीन. त्या नॅपकीननं मामांनी कधी टेबल पुसलं नाही, घाम पुसला नाही की नाक पुसलं नाही. एकदा मी न राहवून विचारलं, "मामा, मग तो असतो कशाला?"

"तुमच्या गळ्यात टाय कशाला असतो सर?" मामा म्हणाले. मी त्यानंतर टाय लावणं कमी केलं.

मामा ऑर्डर कधी लिहून घेत नसत. टेबलाशी वाकून ऐकायचं आणि तिथूनच भटारखान्याकडे हाळी द्यायची. "खिडकीपाशी वकीलसाहेब, शेवभाजी, भाकर कडक! दाराजवळ पाव्हणे औशाचे, लेकरू संगं हाय, वरणभात मऊ!" आत दस्तगीर आचारी नुसता "हाव!" म्हणायचा. दस्तगीर उदगीरचा. माणूस रुंद, बोलणं कमी आणि हात असा की त्याच्या निलंगा राईससाठी लोक बस सोडून द्यायचे. बाहेर मामांची हाळी आणि आत दस्तगीरचा "हाव" यांवर ते हॉटेल चालायचं. शेठ गल्ल्यावर बसून देवाला उदबत्ती लावायचे, तेवढंच त्यांचं काम.

आणखी एक. मामांना मी कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. हॉटेलात काम करणाऱ्यानं हॉटेलच्या खुर्चीवर बसायचं नाही, असा तिथला नियम होता. तो कुणी केला होता, कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडत कुणीच नव्हतं. दुपारची गर्दी ओसरली की सगळी मंडळी मागच्या बोळात, तंदूरच्या आडोशाला उकिडवी बसून जेवायची. मामा तेही नाही. भिंतीला पाठ टेकून, ताट हातावर धरून, उभ्यानं चार घास. "बसलं की गुडघे मागणी करतेत," असं त्यांचं कारण होतं.

मग तो रोग आला आणि सगळं गाव कुलूपबंद झालं. 'निवांत'चं शटर खाली आलं. ज्यांना गाव गाठता आलं ते गेले. बाकीचे आत अडकले. मामा, दस्तगीर, मुरुडचा बालाजी वेटर, भाकरी थापणाऱ्या सुमनबाई आणि आणखी काही जण. सुमनबाईंचं घर गल्लीतच होतं, पण घरात एकटं बसून करायचं काय, म्हणून दिवसभर त्याही इथंच. शेठनं कोठीची किल्ली मामांच्या हातात दिली. "किराणा हाय तवर खा," म्हणाले, आणि घरी जाऊन देवापुढे बसले. माझा क्लास मोबाईलवर आला होता. लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून मी न दिसणाऱ्या पोरांना मूलद्रव्यं शिकवायचो. उरलेला वेळ जिन्यात बसून खालची मंडळी बघायचो.

पहिले दिवस बरे गेले. मग एक दिवस मदतवाले आले. भले लोक होते. जीव धोक्यात घालून गल्लोगल्ली जेवणाची पाकिटं वाटत होते. त्यांनी शटर वाजवलं आणि म्हणाले, "लाईन लावा." एक जण फोटो काढायला उभा राहिला. सगळ्यांनी मुकाट्यानं हात पुढं केले. बालाजी मात्र तोंडावर रुमाल ओढून मागं सरकला तो सरकलाच. संध्याकाळपर्यंत तो जेवला नाही. सुमनबाईंनी पाकीट उघडून पुढं ठेवलं तर म्हणाला, "मावशी, माझा हात असा वर राहतो नेहमी. असा उलटा धरताच येत न्हाई मला." त्यानं ताट देणारा आणि ताट घेणारा, असे दोन्ही हात करून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर मामांनी बंद शटरच्या आत सगळी टेबलं पुसून घेतलेली, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, प्रत्येक टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि स्वतः खांद्यावर नॅपकीन टाकून उभे. "आजपासून समद्यांनी खुर्चीवर बसून जेवायचं," मामांनी जाहीर केलं. "रोज एक जण वाढणार. बाकीचे गिऱ्हाईक. आज मी वाढणार. बसा."

कुणी बसेना. सुमनबाई तर पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या. मामांनी मला जिन्यातून हाक मारली, "सर, तुम्ही या. तुम्हाला सवय हाय. ह्यांला दाखवा कसं बसायचं ते." मी जाऊन बसलो. मग एकेक जण खुर्चीच्या टोकावर, उठायच्या तयारीत टेकला. मामा बालाजीपुढं वाकले, "साहेब, काय आणू?"

होतं काय? खिचडी आणि कढी. तरी बालाजी खूप विचार करून म्हणाला, "खिचडी आणा. जरा गरम बगून." मामांनी पाठ वळवून हाळी दिली, "मुरुडचे साहेब, खिचडी, गरम बगून!" आतून दस्तगीर म्हणाला, "हाव!" आणि बालाजी त्या दिवशी दोनदा मागून जेवला.

त्या जेवणात एक मजा रोज व्हायची. मला ठसका लागो की तिखट लागो, मी "पाणी!" म्हटलं की वाढणारा एकटा नाही, सगळंच हॉटेल उभं राहायचं. हातातला घास टाकून बालाजी उठायचा, खरकट्या हातानं सुमनबाई उठायच्या. आपण आज गिऱ्हाईक आहोत हे कुणाच्या लक्षातच राहत नसे. वाढायची पाळी कुणाचीही असो, मामा स्वतः भिंतीपाशी उभेच असत. तिथून ओरडायचे, "बसा! गिऱ्हाईक उठत असतंय का?" मी मग खोडसाळपणानं मुद्दाम पाणी मागायला लागलो. हसायला फार काही नव्हतं त्या दिवसांत.

किराणा संपत आला तेव्हा मदतवाले पुन्हा आले. मामांनी शटर उघडलं आणि हात जोडले. "साहेब, शिजवलेलं नका देऊ. कच्चं द्या. दवाखान्याबाहेर पेशंटची मानसं बसून राहिलेत, त्यांचं आम्ही शिजवून देतो. त्यातलंच आम्ही खाऊ. धान्य तुमचं, हात आमचे." ते लोक मनानं खरंच चांगले होते, लगेच कबूल झाले. पोलिसांची परवानगीही त्यांनीच काढली. मामांच्या भावानं नायगावहून भाजीच्या गाडीवर ज्वारीची पोती टाकून पाठवली. भट्टी पुन्हा पेटली आणि दस्तगीरच्या तोंडावर मला कितीतरी दिवसांनी रंग दिसला.

पाकिटं भरताना मामांनी एक हट्ट धरला: प्रत्येकात कांद्याची फोड आणि लिंबू गेलंच पाहिजे. मदतवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मामा, लिंबाचं काय एवढं? पोट भरल्याशी मतलब."

"लिंबू न्हाई तर त्याला शिधा म्हणतेत," मामा म्हणाले. "आम्ही हॉटेलवाले हाव. आम्ही जेवण देतो."

लिंबं मिळायची नाहीत. मामा मास्क लावून दारोदार फिरायचे. ज्याच्या अंगणात लिंबाचं झाड, त्याच्या फाटकाशी उभं राहून "काय आणू?"च्या चालीवर लिंबं मागायचे. लोकांनी दिली. हट्टी माणसाला शेवटी देतातच लोक.

लाट ओसरली, पार्सल सुरू झालं, आता सुटलो असं वाटलं, आणि दुसऱ्या वर्षी रोग दुप्पट होऊन आला. या वेळी त्यानं दस्तगीरला धरलं. बरेच दिवस तो सरकारी कोविड सेंटरमध्ये होता. मामा रोज डबा घेऊन जायचे, फाटकावर द्यायचे आणि लांबून हात हलवायचे. दस्तगीर जगला. वाळून निम्मा झाला, पण चालत हॉटेलात परत आला. आल्या आल्या त्यानं भट्टीपाशी जाऊन मसाल्याचा डबा उघडला, नाक घातलं, आणि तसाच उभा राहिला. मग जिऱ्याची चिमूट तोंडात टाकली. मग मीठ. मग सरळ हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते नुसत्या झोंबण्याचं.

"मामा," तो म्हणाला, "कुछ बी नै. माती हाय नुसती."

होईल, येईल, दोन-चार आठवड्यांत येते चव, असं आम्ही सगळे म्हणालो. केमिस्ट्रीवाला म्हणून मी तर मोठंच व्याख्यान दिलं. आठवडे गेले, महिने गेले. चव आली नाही. दस्तगीर सवयीनं शिजवायचा, पण आचाऱ्याचा हात जिभेला विचारून चालतो. मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच. आणि आम्ही काय करायचो? खोटं बोलायचो. "एक नंबर, भाई," बालाजी म्हणायचा आणि मागं जाऊन तांब्याभर पाणी प्यायचा. सुमनबाईही "लई भारी" म्हणायच्या. मीही म्हणायचो. आजारातून उठलेल्या माणसाचं मन कोण मोडणार?

मामांनी मोडलं. एका दुपारी त्यांनी उभ्यानं पहिला घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. "दस्तगीर, खारट झालंय. खाववत न्हाई."

दस्तगीरनं एकेकाकडे बघितलं. आमच्या माना खाली. इतके दिवस आपल्याला लेकरासारखं फसवलं, हे त्याला त्या एका क्षणात समजलं. त्यानं कमरेचं फडकं सोडलं आणि पातेल्यावर टाकलं. "मैं चला, मामा. उदगीरला गाडा लावतो केळीचा. केळं चाखावं लागत न्हाई."

"जा," मामा म्हणाले. "पण आधी ह्यात बटाटे घाल. उकळू दे. मग मी चाखतो. मग जा."

दस्तगीर पाठ करून उभा राहिला. पण आचारी कितीही रागावला तरी बिघडलेलं पातेलं तसंच टाकून जात नाही. त्यानं बटाटे घातले. मामांनी चाखलं. "अजून." पाणी घातलं. "आता तिखट मेलं." तिखट घातलं. असं करत करत, ती भाजी जेव्हा मामांनी "हां" म्हणून पास केली, तेव्हा दुपार टळून गेली होती आणि केळ्याच्या गाड्याचा विषय मागं पडला होता. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना बजावलं, "ह्याच्या पुढं ह्याच्यापाशी कुणी खोटं बोललं, तर त्याचं जेवण बंद." आणि दस्तगीरला म्हणाले, "जीभ माझी घे. हात तुझा हाय ना? झालं तर मग."

हे शेठच्या कानावर जायचंच होतं. हॉटेल पूर्ण उघडायची वेळ आली तशी त्यांनी नांदेडहून एक नवा आचारी बोलावला. जुनं गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. त्यांनी मामांना गल्ल्यापाशी उभं केलं. मी माझ्या टेबलावर चहा पीत होतो, तो तसाच धरून बसलो.

"किशन, दस्तगीरला चव लागत न्हाई म्हणतेत. खरं का?"

मामांनी नाही म्हणावं असं मला फार वाटलं. भटारखान्याच्या दारात दस्तगीर उभा होता. त्याची सगळी उमर या भट्टीपुढं गेली होती आणि ती भट्टी आता मामांच्या एका शब्दावर होती.

"खरं हाय," मामा म्हणाले.

शेठनं मान हलवली. "मग कसं करायचं, तूच सांग."

"मला लागती ना चव. त्याचा हात, माझी जीभ. दोघं मिळून एक आचारी समजा. जोवर त्याला चव येत न्हाई तोवर एकबी पातेलं मी चाखल्याशिवाय बाहेर येणार न्हाई. पटलं तर ठेवा, शेठ. न्हाई तर दोघांलाबी संगंच काढा."

शेठ बराच वेळ देवाकडे बघत बसले. देव काही बोलला नाही. मग त्यांनी नांदेडच्या आचाऱ्याला चहा पाजला, गाडीभाडं दिलं आणि परत लावून दिलं. मी माझा गार झालेला चहा प्यायलो. इतका चांगला गार चहा मी दुसरा प्यायलो नाही.

तेव्हापासून मामांची दुहेरी नोकरी सुरू झाली. बाहेर हाळी, आत चमचा. "मीठ चिमूटभर. आल्याची चव वर येऊन राहिलीय. बस, उतरव." दस्तगीर कान आणि डोळे वापरायला लागला, कांद्याच्या तडतडीवरून, तेल सुटण्यावरून अंदाज घ्यायचा आणि मामांकडे बघायचा. मामा चुकूनही उगाच "छान" म्हणायचे नाहीत. दस्तगीरला तेच हवं होतं. अख्ख्या लातुरात आपल्याशी खरं बोलणारं एक माणूस आहे, एवढ्या भरवशावर तो रोज भट्टी पेटवायचा. गिऱ्हाईक परत आलं. औशाचे पाहुणे परत आले, वकीलसाहेबही आले आणि भाकरी मऊ झाली म्हणून भांडले.

हे असं पुष्कळ दिवस चाललं. मध्ये मामांना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि मीठ तोडायला सांगितलं. मीठ तोडा, जिने चढू नका, आता घरी बसा. नायगावहून मुलगी रोज फोन करायची, "दादा, पुरं झालं आता, या." मामा म्हणायचे, "येतो, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली की संक्रांत. मी रागावलो तर म्हणाले, "सर, मी गेल्यावर ह्याचं पातेलं कोण चाखंल? बालाजी? ते तर जहराला बी एक नंबर म्हणंल." आणि पुन्हा चमचा तोंडात. आपल्या तब्येतीशी असा हट्ट करणाऱ्या माणसाचा मला संतापही यायचा आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की तो संताप ओसरूनही जायचा.

शेवटी मुलगीच येऊन थडकली. मामांची पेटी तिनं स्वतः भरली. त्या दुपारी बालाजीनं मधलं टेबल पुसलं, तांब्या ठेवला आणि खुर्ची मागं ओढून उभा राहिला. "मामा, बसा."

"गिऱ्हाईक हायत," मामा म्हणाले.

"तुम्हीबी गिऱ्हाईकच हाव आज. बसा."

मुलीनं दंड धरून बसवलं, तेव्हा मामा बसले. खुर्चीच्या टोकावर, त्या लॉकडाऊनमधल्या बालाजीसारखेच, उठायच्या तयारीत. नॅपकीन खांद्यावर तसाच होता. बालाजी वाकला. "काय आणू, मामा?"

सगळ्या जन्मात हा प्रश्न मामांनी हजारोंना विचारला असेल. त्यांना कुणी विचारला नव्हता. "आण... जे असंल ते," असं काहीतरी ते पुटपुटले. बालाजीनं हाळी दिली, "मधल्या टेबलावर नायगावचे साहेब, शेवभाजी, भाकर कडक!" आतून "हाव" आला आणि त्याच्या पाठोपाठ दस्तगीर स्वतःच ताट घेऊन बाहेर आला. आचारी ताट घेऊन गिऱ्हाइकांत आलेला त्या हॉटेलनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. शेवभाजी वेगळ्या छोट्या वाटीत होती. पातेल्यातली नव्हती आणि मामांनी ती चाखलेली नव्हती.

मामांनी भाकरी मोडली, घास बुडवला, तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. निरोपाचं जेवण, समोर लेक उभी, आज तरी "छान" म्हणून टाकतील असं मला वाटलं. मामांनी घास गिळला, वर दस्तगीरकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"दस्तगीर," ते हळू आवाजात म्हणाले, "मीठ कमी हाय रे."

"मालूम हाय, मामा," दस्तगीर म्हणाला. "तुमच्या बीपीसाठी कमी टाकलं. चाखून टाकलं."

मामांचा हात वाटीवरच राहिला.

"दोन महिन्यांपासून थोडी थोडी येऊन राहिली," दस्तगीर सांगत होता. "भरवसा नव्हता म्हणून बोललो न्हाई. तुम्ही चाखायच्या आधी मी चाखायचो, मनातच म्हणायचो, मीठ जास्ती. मग तुम्ही म्हणायचे, मीठ जास्ती. रोज जुळायलं, मामा. आता एकदाबी चुकत न्हाई."

मामांनी खांद्यावरचा नॅपकीन ओढला, घडी मोडली, आणि डोळे पुसले. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. तेवढ्यात दाराजवळच्या कुणा गिऱ्हाइकानं आवाज दिला, "अरे, पाणी आणा रे!" बालाजी धावला, सुमनबाई आतून बाहेर आल्या, मीसुद्धा अर्धा उठलो.

मामा उठले नाहीत. ते खुर्चीत मागं रेलले, पाठ टेकवली आणि दस्तगीरला म्हणाले, "भाकर आण अजून एक. कडक बगून."